फुफ्फुस आणि यकृत एकत्र पाहणारं क्लिनिक: आमचा अनुभव

धाकट्या भावाला जुना हिपॅटायटिस बी आहे. फुफ्फुसातला अ‍ॅस्परजिलस हा बुरशीचा संसर्ग तिसऱ्यांदा उलटला, तेव्हा आम्ही इथे आलो. आधीच्या ठिकाणी वोरिकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध सुरू केलं, एसजीपीटी (यकृताला त्रास झाला की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलं आणि गोळ्या तडकाफडकी बंद; बुरशी पुन्हा पसरली. इथल्या छातीच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी यकृताच्या डॉक्टरांना सोबत बसवलं. वोरिकोनॅझोल यकृतातच मोडतं, म्हणून आठवड्याभरात त्याची रक्तातली पातळी तपासली. त्यासाठी पुढच्या डोसच्या आधीचं रक्त लागतं, हे सिस्टरनी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं. पातळी लिटरमागे ७ मिलिग्रॅम निघाली. हवी साधारण १ ते ५.५. औषध थांबवलं नाही, डोस कमी केला. हिपॅटायटिस बीवरचं टेनोफोव्हिर मात्र एक दिवसही चुकवायचं नाही, असं बजावलं.

भावाला रंग विचित्र दिसायचे. घाबरून तो घरी कुणालाच सांगत नव्हता. मॅडमनी स्वतःहून विचारलं, त्याचा हात धरून समजावलं की हे वोरिकोनॅझोलनेच होतं. त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे.

रिपोर्टला चार दिवस लागतात, एवढं बदलावं. ते दिवस फार जड जातात.