शिरेतून जीवनसत्त्वे की नळीवाटे आहार?

रुग्णाला तोंडाने जेवता येत नाही असे कळले की, सलाईनमधून व्हिटॅमिन देता येतील का, असा प्रश्न नातेवाईक बहुधा सर्वांत आधी विचारतात. त्याआधी विचारायला हवे ते हे, की रुग्णाचे आतडे काम करते आहे का? गिळता येत नसले तरी पचन शाबूत असेल, तर नाकावाटे जठरात घातलेली राइल्स ट्यूब हाच माझ्या मते सरस मार्ग आहे. नळीवाटे देण्याच्या तयार आहारात जीवनसत्त्वे मुळातच असतात, आतड्याचे अस्तर वापरात राहते आणि शिरेतील कॅथेटरमुळे होणाऱ्या जंतुसंसर्गाची भीती राहत नाही. नळीचेही त्रास आहेतच. ती सरकते, तुंबते, आणि आहार श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून रुग्णाचे डोके ३० ते ४५ अंश उंच ठेवावे लागते.

आतड्यात अडथळा असेल किंवा त्याचा मोठा भाग शस्त्रक्रियेत काढलेला असेल, तर मात्र शिरेवाटे पोषण देण्यावाचून गत्यंतर नसते, आणि तेथे जीवनसत्त्वांची हयगय मुळीच चालत नाही. थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, शरीरात जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल एवढेच साठते, आणि ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवण्यासाठी ते अत्यावश्यक असते. १९९७ साली अमेरिकेत शिरेतून द्यायच्या मल्टिव्हिटॅमिनचा तुटवडा पडला, तेव्हा केवळ शिरेवाटे पोषण मिळणारे काही रुग्ण थायमिनअभावी रक्तात लॅक्टिक आम्ल साचून गंभीर आजारी झाले. म्हणूनच बरेच दिवस उपाशी असलेल्या रुग्णाला ग्लुकोज सुरू करण्यापूर्वी थायमिन देतात.

सगळीच जीवनसत्त्वे शिरेतून द्यावी लागतात असेही नाही. लहान आतड्याचा शेवटचा भाग काढल्यामुळे केवळ ब१२ शोषले जात नसेल, तर स्नायूत दिलेले इंजेक्शन पुरते. रुग्ण वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण मल्टिव्हिटॅमिनच्या अनेक कुप्यांत के जीवनसत्त्व असते आणि ते या औषधाच्या परिणामाला छेद देते.

मल्टिव्हिटॅमिन मिसळलेली पिशवी रिबोफ्लेविनमुळे, म्हणजे ब२ जीवनसत्त्वामुळे, पिवळी दिसते. लघवीही गडद पिवळी होते, त्याने घाबरू नये. प्रकाशाने मात्र अ जीवनसत्त्व आणि खुद्द रिबोफ्लेविनही नष्ट होते, म्हणून औषध देण्याच्या थोडे आधी मिसळून पिशवीवर आवरण घालतात. खिडकीशेजारी पिशवी उघडी टांगलेली दिसली, तर परिचारिकेला जरूर विचारावे.

ही पिवळी पिशवी म्हणजे जेवण, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. ५ टक्के ग्लुकोजच्या एक लिटर सलाईनमध्ये ५० ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे १७० किलोकॅलरी असतात. तीत व्हिटॅमिनची कुपी टाकली तरी प्रथिने आणि स्निग्धांश येत नाहीत. दीर्घकाळ शिरेवरच राहायचे असेल, तर अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक), लिपिड (स्निग्धांश), क्षार आणि सूक्ष्म मूलद्रव्ये यांसह पूर्ण पोषण मोठ्या शिरेतून देतात, आणि आतडे सावरू लागले की नळीवाटे थोडा थोडा आहार सुरू करून, तो पुरेसा होईपर्यंत दोन्ही मार्ग एकत्र चालू ठेवतात.