‘बुडतं की तरंगतं’ संच: टब उत्तम, कार्डं चुकीची

माझी नात साडेचार वर्षांची आहे. दुपारी ती माझ्याकडे असते. तिच्यासाठी घेतलेला हा संच गेले सात आठवडे आमच्याकडे जवळजवळ रोज पाण्यात उतरतोय. मी प्राथमिक शाळेत शिकवलेलं असल्यामुळे अशा खेळण्यांकडे जरा बारकाईने बघते.

खोक्यात एक पारदर्शक टब, एक छोटी जाळी, चौदा वस्तू आणि तेवढीच चित्रांची कार्डं आहेत. टब फार छान आहे. बादलीत किंवा घमेल्यात मूल वरून बघतं, त्यामुळे वस्तू बुडाली की नाही एवढंच त्याला कळतं. इथे ते जमिनीवर बसून, डोळे पाण्याच्या रेषेला लावून बाजूने बघतं. पहिल्याच दिवशी नातीने बुचाकडे बोट दाखवून सांगितलं, “आजी, हे पाण्यावर बसलंय.” मग मेणबत्तीचा तुकडा सोडला. “आणि हे पाण्यात झोपलंय, नाकच वर आहे.” तिचं अगदी बरोबर होतं. मेण पाण्यापेक्षा थोडंसंच हलकं असतं, त्यामुळे त्याचा दहातला नऊ भाग पाण्याखाली जातो. बुचाचा बहुतेक भाग वरच राहतो. लाकडी ठोकळा या दोघांच्या मध्ये कुठेतरी. बुडणं आणि तरंगणं यांच्यामध्येही काही असतं हे तिला त्या काचेसारख्या भिंतीतून दिसलं, आणि केवळ तेवढ्यासाठीही मी हा टब पुन्हा घेईन.

आता कार्डं. प्रत्येक कार्डाच्या पुढच्या बाजूला वस्तूचं चित्र आणि मागे उत्तर. सोबतच्या पत्रकात लिहिलंय: जड वस्तू बुडतात, हलक्या तरंगतात. हे चुकीचं आहे. लहान मुलांच्या मनात हीच समजूत आधीपासून असते, आणि खेळणं तिलाच छापील शिक्का देतं, याचं मला खरंच वाईट वाटलं. याच संचातला लाकडी ठोकळा मी वजनकाट्यावर ठेवला: 210 ग्रॅम. स्टीलचा स्क्रू: 3 ग्रॅम. ठोकळा तरंगतो, स्क्रू तळाला जातो. पत्रक लिहिणाऱ्याने स्वतःच्या खोक्यातल्या वस्तू एकदा पाण्यात टाकून बघितल्या असत्या तरी पुरे होतं. या वयाच्या मुलाला घनता हा शब्द सांगायची गरज नाही. पण ‘एवढ्याच आकाराचं पाणी घेतलं तर ते जड की ही वस्तू जड?’ असं मनात धरून मोठ्यांनी बोलावं. जड-हलकं या दोन शब्दांवर थांबू नये.

मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे आणि इन्हेल्डर यांनीही मुलांना काय बुडेल, काय तरंगेल आणि का, हेच प्रश्न विचारले होते. लहान मुलं एका वस्तूला एक कारण देतात आणि पुढच्या वस्तूला त्याच्या अगदी उलट, आणि त्यात त्यांना काही खटकत नाही, असं त्यांना आढळलं. आमच्याकडेही तसंच झालं. ठोकळा तरंगतो कारण “तो मोठा आहे, त्याला ताकद आहे”. बूच तरंगतं कारण “ते छोटं आहे”. मी दुरुस्त केलं नाही. पुढची वस्तू तिच्या हातात दिली आणि विचारलं, “हिचं काय होईल?” या खेळात अंदाज आधी आणि पाणी नंतर, हा क्रम सांभाळायला हवा. मागे उत्तर छापलेलं कार्ड हा क्रमच मोडतं, म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी कार्डं कपाटात ठेवली.

ती पुन्हा बाहेर निघाली ती किल्लीमुळे. संचातली ‘लोखंडी किल्ली’ प्लॅस्टिकची आहे, वरून चंदेरी रंग दिलेला. कार्ड म्हणतं बुडते. आमची तरंगली. नात गोंधळली, तिने तीनदा टाकून बघितली आणि मग म्हणाली, “आजी, कार्ड चुकलं.” मी माझी खरी किल्ली दिली, ती टुपकन तळाला गेली. दोन्ही हातात घेऊन ती बराच वेळ बसली होती.

दगडाची गोष्ट याहून पुढची. तोही प्लॅस्टिकचा, आतून पोकळ. तरंगायचा. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी तो कलंडला, हळूहळू खाली गेला आणि जोडावरच्या फटीतून बुडबुड्यांची रेघ वर आली. नात ओरडली, “त्याच्या पोटातली हवा पळाली!” हवा बाहेर, तिच्या जागी पाणी आत, म्हणून तो जड झाला. बनवणाऱ्याच्या ढिलाईतून आम्हाला संचातला सर्वांत चांगला प्रयोग मिळाला, पण ती ढिलाईच होती. आत अडकलेलं पाणी निघत नाही, वाळत नाही, आणि अशा पोकळ खेळण्यांत काळी बुरशी धरते. मी तो दगड टाकून दिला आणि अंगणातला खरा धुऊन आणला.

काय घालायला हवं होतं तेही सांगते: क्ले. मी 40 ग्रॅम क्लेचा गोळा केला, बुडाला. तोच गोळा थापून, कडा उचलून वाटीसारखी होडी केली, तरंगली. नातीचा विश्वास बसेना, मी गुपचूप दुसरी क्ले घेतली असं तिला वाटलं. मग पुसून पुन्हा काट्यावर ठेवली, पुन्हा 40. 40 ग्रॅमच्या वस्तूला तरंगायचं तर 40 मिलिलिटर पाणी बाजूला सारावं लागतं. गोळ्याचा आकार तेवढा नसतो, होडीचा असतो. हे मी तिला सांगितलं नाही, पण तिने होडीत गोट्या भरताना ती किती खाली बसते ते टबावर पेनाने खुणा करून बघितलं. पाण्याच्या बाटलीचा कापलेला तुकडा आणि तिचं झाकण हीही जोडी घरातून घ्या: आत हवा न ठेवता सोडलं तर तुकडा बुडतो, झाकण तरंगतं, दोन्ही प्लॅस्टिकच. तुकड्याच्या कडा मात्र आधी बोथट करा.

खोक्यावर 3 वर्षांपुढील असं लिहिलंय, ते मनावर घ्या. संचातल्या गोट्या आणि स्क्रू लहान मुलाच्या घशात अडकतील एवढे आहेत. घरात रांगतं बाळ असेल तर ते आधी बाजूला काढा. मोठं माणूस शेजारी बसलेलं हवंच, आणि खेळ संपला की टब लगेच रिकामा. काही सेंटिमीटर पाणीही लहान मुलाला धोक्याचं असतं. टबाच्या तळाला बूच असलेलं भोक असतं तर माझ्या पाठीला बरं झालं असतं, भरलेला टब उचलणं सोपं नाही.

जाळीचा दांडा दुसऱ्या आठवड्यात वाकला. लाकडी ठोकळ्याचा रंग अजून पाण्यात उतरलेला नाही, हे नमूद करण्यासारखं.

कार्डं मी टाकणार होते. नातीने टाकू दिली नाहीत. किल्लीच्या कार्डामागे तिने कोरा कागद चिकटवून वर तरंगणारी किल्ली काढली. दगडाच्या कार्डामागे दोन दगड आहेत, एक वर, एक खाली, आणि मध्ये बुडबुड्यांचे निळे गोल.