थीम फोटोग्राफी: घरातल्या वस्तू की बाहेरचा रस्ता?

मैत्रिणीचं अडलंय, महिनाभर 'वर्तुळ' ही एकच थीम घेऊन फोटो काढायचे ठरवलेत पण विषय घरात शोधायचे की कॅमेरा घेऊन बाहेर फिरायचं तेच ठरेना.

उजेडाचं म्हणशील तर घरच बरं. खिडकीजवळ पाण्याचा ग्लास ठेव, ऊन तिरकं येऊ दे, टेबलावर जी सावली पडते ना तिच्या आत उजेडाच्या वाकड्या रेषा उमटतात, पाणी हललं की त्या थरथरतात, आणि हवं तसं दिसेपर्यंत तू आरामात थांबू शकतेस. अमेरिकन फोटोग्राफर एडवर्ड वेस्टनने १९३० मध्ये ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून फोटो काढला, अजून लोक तो बघतात. फक्त मोबाईल वस्तूच्या फार जवळ नेलास तर फोकस होत नाही, थोडं मागे येऊन क्रॉप कर.

बाहेर उजेड आपल्या हातात नाही, दुपारी तर सावल्या एकदम काळ्या येतात. पण न ठरवलेलं सापडतं ते बाहेरच, गटाराचं झाकण, सायकलच्या चाकाची भिंतीवर लांबलेली सावली, पावसाच्या थेंबांनी डबक्यात उठणारी वलयं. माणसं फ्रेममध्ये आली की मात्र विचारावं लागतं.

खर्च दोन्हीकडे जवळपास शून्य.

वेळ तुटक मिळत असेल, लाजरा स्वभाव असेल किंवा उजेड नीट शिकायचा असेल तर घर. चालायला आवडतं, पटकन बघून क्लिक करायची सवय लावायचीय, तर रस्ता. मैत्रिणीला मी पहिले दोन आठवडे घरच सांगेन.