भुसा जाळून केलेली गाळणी : ग्वाटेमालातील खेड्यात बावीस महिने वापरलेल्या मातीच्या फिल्टरविषयी

अतित्लान सरोवराच्या वरच्या अंगाला, ग्वाटेमालाच्या पश्चिमेकडील डोंगरात वसलेल्या, काकचिकेल या माया समाजाच्या एका खेड्यात मी पोषण आणि स्वच्छतेच्या कामासाठी स्वयंसेविका म्हणून राहते. येथे येताना सोबत काय आणावे, असे घरच्या मंडळींनी आणि ओळखीच्यांनी अनेकदा विचारले. परंतु गेल्या बावीस महिन्यांत ज्या वस्तूवाचून माझा एक दिवसही गेला नाही, ती येथेच, सोलोला या शहराच्या आठवडी बाजारात मिळाली. ती म्हणजे पिण्याचे पाणी गाळण्याचा मातीचा घडा. असे घडे वेगवेगळ्या कारखान्यांत तयार होतात आणि त्यांची घडण जवळजवळ सारखी असते. म्हणून हे परीक्षण एका छापाचे न मानता त्या वस्तूचेच मानावे.

आमच्या गावात झऱ्याचे पाणी नळाने येते, पण सकाळी दोन-अडीच तासच. तेवढ्या वेळात अंगणातील ‘पिला’ भरून घ्यावी लागते. पिला म्हणजे मध्ये हौद आणि बाजूला कपडे व भांडी घासण्याच्या उतरत्या पन्हाळी असलेले सिमेंटचे बांधकाम. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका धुण्यापासून मुलांच्या आंघोळीपर्यंत घरातील निम्मी कामे तिच्याभोवती चालतात. मे ते ऑक्टोबर या पावसाळ्यात हौदाचा तळ दिसत नाही, इतके पाणी गढूळ येते. ते उकळायचे तर सरपण लागते, आणि सरपण पाठीवरून आणावे लागते. क्लोरीनच्या वासाला सगळे घर नाके मुरडते. शुद्ध पाण्याचे ‘गार्राफॉन’ नावाचे मोठे बुधले घेऊन फिरणारा ट्रक आमच्या चढापर्यंत येत नाही. उरतो तो हा घडा.

घड्याची करणी साधी आणि अतिशय हुशारीची आहे. माती आणि लाकडाचा बारीक भुसा एकत्र मळून साच्यात दाबतात, वाळवतात आणि भट्टीत भाजतात. भट्टीत भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी डोळ्यांना न दिसणारी छिद्रे उरतात. मग त्याला चांदीच्या अतिसूक्ष्म कणांच्या द्रावणाचा हात देतात, त्यामुळे जंतूंची वाढ रोखली जाते. कुंडीच्या आकाराचा हा घडा झाकणाच्या बादलीत काठावर टांगलेला राहतो, वरून ओतलेले पाणी त्यातून झिरपून बादलीत साठते आणि खालच्या तोटीतून काढता येते. ग्वाटेमालाचे संशोधक फर्नांदो मासारिएगोस यांनी 1981 मध्ये हे तंत्र याच देशात विकसित केले. 1998 च्या मिच चक्रीवादळाने होंडुरास आणि निकाराग्वा उद्ध्वस्त झाल्यानंतर ‘पॉटर्स फॉर पीस’ या संस्थेच्या रॉन रिवेरा यांनी त्याचा प्रसार केला आणि पुढे अनेक देशांत स्थानिक कुंभारांच्या हाती ते दिले. ज्या गावात माती, भुसा आणि भट्टी आहे त्या गावात ते तयार होऊ शकते, हा त्याचा खरा मोठेपणा आहे.

विक्रेत्याने घडा देण्यापूर्वी बोटाच्या पेराने वाजवून दाखवला, तेव्हा मला हसू आले; आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडी माठ घेताना आई अगदी असाच वाजवून घेते. आवाज खणखणीत आला तर घ्यावा, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे असे समजावे. किंमत येथील शेतमजुराच्या चार-पाच दिवसांच्या मजुरीइतकी पडली. ती कमी नाही, आणि गावातील कुटुंबांना तो घेण्याचा सल्ला देताना हे मी विसरत नाही. येताना, अमेरिकेतील जुन्या शाळा-बसगाड्या रंगवून येथे चालवतात त्यांपैकी एका बसमध्ये, घडा मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरने टपावर बांधायचा आग्रह केला होता, तो मानला असता तर हे परीक्षण येथेच संपले असते.

आता वापराविषयी. घड्यात सुमारे सात लिटर पाणी मावते आणि तासाला एक ते दोन लिटर पाणी झिरपते. पातळी उतरत जाते तसा वेगही मंदावतो. त्यामुळे तहान लागल्यावर पाणी ओतण्याची सोय येथे नाही. रात्री निजण्यापूर्वी घडा काठोकाठ भरला तर सकाळी बादली तयार असते, आणि एखाद्या रात्री विसरले तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी कॉफीवर राहते. आमच्या घरमालकीण, ज्यांना येथील रीतीप्रमाणे मी आदराने नुसते ‘दोन्या’ म्हणते, त्यांचे सगळे कुटुंब तसे कॉफीवरच राहते. पातळ, गोड आणि चांगली उकळलेली कॉफी हे येथील मोठ्यांचे खरे पेय आहे, साधे पाणी मागतात ती मुले. म्हणून हा घडा माझ्यासाठी घेतला असला तरी त्याचे खरे गिऱ्हाईक घरातील तीन लहान मुले ठरली. त्यांतील धाकटी पेला घेऊन तोटीपाशी उभी राहते आणि ‘या, या’ म्हणत असते. काकचिकेल भाषेत ‘या’ म्हणजे पाणी. मराठी कानाला ते सुरुवातीला स्वागतच वाटत असे. पाण्याची चव उत्तम आहे, माठाच्या पाण्याला असतो तसा किंचित मातकट गोडवा तिला आहे, आणि पाणी थोडे गारही राहते.

पावसाळ्यात गाळ साचून वेग अगदी थेंबावर येतो. पाणी आधी बादलीत निवळू द्यावे, दुपदरी फडक्यातून ओतावे, आणि दर पंधरा दिवसांनी घडा आतून स्वच्छ ब्रशने घासावा. साबण मात्र घड्याला अजिबात लावू नये, तो छिद्रांत बसतो. बादली साबणाने धुऊन गाळलेल्याच पाण्याने विसळावी. सातव्या महिन्यात मी घाईत ओला घडा काठाला धरून उचलला आणि तो हातातून निसटून पिलाच्या कडेवर आदळला. ‘काळजी करू नका, सेन्यो (म्हणजे बाई), मातीचीच वस्तू,’ असे दोन्या म्हणाल्या, पण तुकडे गोळा करताना त्यांचा चेहरा उतरला होता. हे केवळ माझ्याच धांदरटपणामुळे घडते असे नाही. कंबोडियात अशा घड्यांचा अभ्यास झाला तेव्हा दरमहा सुमारे 2 टक्के घडे वापरातून जात असल्याचे आणि त्याचे मुख्य कारण फूट हेच असल्याचे आढळले होते.

माझी खरी तक्रार घड्याविषयी नाही, प्लास्टिकच्या तोटीविषयी आहे. पाचव्या महिन्यातच ती ठिबकू लागली आणि वायसर मिळवण्यासाठी मला दोनदा सोलोलाला जावे लागले. इतक्या विचाराने घडवलेल्या वस्तूला इतकी कचकड्याची तोटी लावावी, हे मला आजही समजलेले नाही. ठिबकणारी तोटी म्हणजे बादलीखाली ठेवलेले भांडे, त्यात पडलेल्या माश्या, आणि तेच पाणी ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून पुन्हा पेल्यात. गावात मी पाहिलेल्या बंद पडलेल्या फिल्टरांपैकी बहुतेकांचा घडा धड होता, तोटी गेलेली होती. घेताना एक जादा तोटी आणि दोन वायसर घेऊनच निघावे.

मर्यादाही माहीत असाव्यात. जीवाणू हा घडा चांगले अडवतो, विषाणूंच्या बाबतीत तितका भरवसा देता येत नाही, आणि कीटकनाशके किंवा आर्सेनिक यांसाठी तो नाहीच. आमचा झरा कांद्या-गाजरांच्या शेतांच्या वरच्या बाजूला आहे म्हणून मी निश्चिंत आहे. शेतांच्या खालच्या विहिरीचे पाणी असते तर नसते. दोन वर्षांनी घडा बदलावा लागतो. बादली तीच राहते.

पाचपैकी चार गुण. एक तोटीचा कापला. फुटलेल्या घड्याच्या जागी आणलेला नवा घडा आता पंधरा महिने चालला आहे. नव्या घड्यातून झिरपलेले पहिल्या दोन-तीन भरण्यांचे पाणी मातकट लागते, म्हणून ते टाकून द्यावे असे सांगतात. दोन्यांनी ते टाकू दिले नाही, अंगणातील जिरेनियमच्या डब्यांना घातले.