रोटरी इव्हॅपोरेटर : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

फोंडा तालुक्यातील आमच्या लहानशा प्रयोगशाळेत गेल्या ऑक्टोबरमध्ये रोटरी इव्हॅपोरेटर आला. हे यंत्र गरम पाण्याच्या बाथमध्ये फ्लास्क फिरवते, पंपाने आतला दाब उतरवून द्रव कमी तापमानाला उकळवते आणि त्याची वाफ निववून परत मिळवते. एक लिटरचा फ्लास्क, लिफ्ट हाताने वरखाली करायची, सोबत डायफ्रॅम पंप. रातांब्याच्या सालीचा इथेनॉलमधला अर्क आटवणे हे त्याचे मुख्य काम. त्याआधी आम्ही तो उघड्या वॉटर बाथवर आटवत असू. इथेनॉल हवेत जाई, लालभडक रंग तपकिरी पडे आणि आगीची धास्ती असे ती वेगळीच.

यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती चिलर, म्हणजे वाफ निववण्यासाठी थंड पाणी पुरवणारे जोडयंत्र, वगळण्याच्या आमच्याच निर्णयाबद्दल. विक्रेत्याने दरपत्रकात तो ऐच्छिक म्हणून दाखवला होता आणि आम्ही पैसे वाचवले. थंडीच्या दिवसांत गच्चीवरच्या टाकीचे पाणी कंडेन्सरमधून, म्हणजे वाफ निववणाऱ्या नळीतून, फिरवून निभावलेही. बाथ 60 अंशांवर आणि दाब 175 मिलिबार ठेवला की इथेनॉल सुमारे 40 अंशांना उकळते, आणि 26-27 अंशांच्या पाण्यावर त्याची बरीचशी वाफ निवते.

एप्रिलअखेर ताजे रातांबे आले. त्यांचे रंगद्रव्य उष्णतेने बिघडते, म्हणून बाथ 50 अंशांवर आणला आणि दाब 105 मिलिबारपर्यंत उतरवला, म्हणजे इथेनॉल 30 अंशांच्या आसपास उकळू लागले. टाकीचे पाणी मात्र दुपारी 33 अंश! ज्या नळीवर वाफ निवायची, ती नळीच वाफेहून गरम. फ्लास्क फिरत होता, अर्क खदखदत होता, जमा होण्याच्या फ्लास्कमध्ये मात्र जेमतेम ओल, आणि पंपाच्या निकासापाशी इथेनॉलचा भपकारा. त्या दिवशी 300 मिलिलिटरपैकी 40 देखील हाती लागले नाही. मेमध्ये चिलर घेतला. 10 अंशांच्या पाण्यावर त्याच कामात 280 मिलिलिटर परत मिळते. बाथ, वाफ आणि थंड पाणी यांच्यात वीस-वीस अंशांचे अंतर ठेवावे, हा नियम आम्हाला पाठ होता. आपल्या टाकीत थर्मामीटर बुडवून पाहायचे तेवढे सुचले नव्हते.

पावसाळ्यात चिलरच्या नळ्यांना इतका घाम सुटतो की टेबलावर थारोळे साचते. एसीच्या तांब्याच्या नळ्यांवर चढवतात तो काळा फोम गुंडाळल्यावर ते थांबले.

अर्क उसळणे हा दुसरा धडा. रातांब्याच्या अर्काला फेस फार येतो. पहिल्याच आठवड्यात मी पंप एकदम पूर्ण लावला आणि उतू जाणाऱ्या दुधासारखा तो लाल फेस थेट कंडेन्सरमध्ये चढला. पुढची दुपार काच धुण्यात गेली. आता फ्लास्क निम्म्याहून कमी भरतो, आधी फिरवतो, मग 300 मिलिबारपासून हळूहळू खाली येतो, आणि फेस वर सरकताना दिसला की झडप किंचित उघडून हवा आत घेतो.

जूनमध्ये दाब 140 मिलिबारखाली उतरेनासा झाला. सांधे पुसून, नवे ग्रीस लावून तीन दिवस गेले. अखेरीस दोष निघाला तो फिरत्या काचनळीभोवतीच्या सीलमध्ये; त्यावर वाळलेल्या अर्काची खरखरीत कडा जमून सील झिजले होते. नवे यायला तीन आठवडे लागले. यंत्रासोबतच एक जादा सील मागवावे, आणि दर सोमवारी रिकाम्या फ्लास्कवर दाब उतरवून, पंपाकडची झडप बंद करून काटा किती लवकर चढतो ते पाहावे.

हाताची लिफ्ट मात्र आमच्या पथ्यावर पडली. वीज गेली की फ्लास्क फिरायचा थांबतो, पण बाथ गरमच असतो. अशा वेळी फ्लास्क लगेच उचलता येतो.

परत मिळालेल्या इथेनॉलमध्ये सालीतले पाणी थोडेफार येतेच. त्यामुळे प्रत्येक डबा हायड्रोमीटरने तपासून, त्यावर टक्केवारी लिहून, ते फक्त पुढच्या खेपेच्या पहिल्या भिजवणीलाच वापरतो.