महापालिकेची शाळा: राज्य मंडळ की सीबीएसई?

बहिणीच्या लेकीसाठी दोन्हीकडे चकरा मारल्या. दोन्ही शाळा मुंबई महापालिकेच्याच, दोन्हीकडे फी नाही. सीबीएसईचे वर्ग 2020-21 पासूनचे. तिथे जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर, म्हणून सोडत काढतात.

अभ्यासाचं म्हणाल तर सीबीएसईला दहावीत गणित स्टँडर्ड की बेसिक (म्हणजे सोपं), हे मुलांना निवडता येतं. पुढे जेईई-नीटचा विचार असेल तर तिथल्या एनसीईआरटीच्या पुस्तकांची सवय कामी येते. राज्य मंडळात दहावीपर्यंत तीन भाषा आहेत आणि आमची लेक मराठीतून विचार करते. मला हे फार मोलाचं वाटतं.

उपक्रमांत मात्र राज्य मंडळ उजवं. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत अ श्रेणी मिळाली की दहावीला 7 गुण वाढतात. लेकीच्या नखांत पोस्टर कलर अजून तसाच आहे. खेळाडूंनाही सवलतीचे गुण आहेत.

दहावीनंतर अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया दोघांना एकच. आयटीआय, पॉलिटेक्निकही दोघांना खुलं. घरी अभ्यास घेणारं कुणी नसेल तर मी डोळे झाकून मराठी माध्यमाची राज्य मंडळाची शाळा सांगेन. आम्ही तीच घेतली.