ब्रेडेड लाईन घेताय? "सर, तुमची गाठ चुकली" म्हणणाऱ्यापासून सांभाळा

पाऊस उघडत आलाय, पाझर तलाव भरलेत, आता जो तो मासे धरायचं रील साफ करून गळाची नवीन लाईन बघायलाय, आणि ज्या माणसानं मागच्या वर्षी आमच्या परभणीकडच्या पोरांना नकली लाईन देऊन फसवलं तोच नवीन नंबरवरून, नवीन डीपी लावून परत विकायला लागलाय म्हणून हे लिहायलोय. नाव टाकत नाही. पण त्याची पद्धत इतकी ठरलेली आहे की पद्धतीवरूनच ओळखू येईल.

नवीन पोरांसाठी थोडं आधी. आपला तंगूस म्हणजे नायलॉनची एकच तार, ओढली की ताणते. ब्रेडेड लाईन म्हणजे पीईचे (पॉलिथिलीन, एक प्रकारचं प्लास्टिक) बारीक धागे एकमेकांत विणलेले, चार पदरी नाहीतर आठ पदरी, ती जवळपास ताणतच नाही आणि तेवढ्याच जाडीच्या तंगसापेक्षा कितीतरी जास्त वजन पेलते. मरळ माशाला हेच लागतं. मरळ बसते बेशरमीच्या बुडात, जलपर्णीखाली, काटे लावलेला रबरी बेडूक वरून ओढत आणला की खालून फाडकन घेते आणि तशीच आत घुसते, तिथं ताणणारी लाईन असली की हुक बसतच नाही नीट. अमेरिकेत बास नावाच्या माशाला लोक असंच धरतात, दाट गवतात बेडूक टाकायचा तर ५० ते ६५ एलबीची ब्रेडेड लाईन, आणि नितळ मोकळ्या पाण्यात १५-२० एलबीची बारीक ब्रेडेड लाईन लावून पुढं फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे गळाजवळ माशाला सहज न दिसणाऱ्या तारेचा तुकडा. बास आपल्या तळ्यांत मिळत नाही, पण आपली पोरं लाईन निवडायला शिकली ती त्या बासच्या व्हिडिओंवरूनच, आणि हे विकणाऱ्यांना बरोबर माहिती आहे, म्हणून पाकिटावर बासचा मोठा फोटो छापलेला असतो.

एलबी म्हणजे पाउंड, लाईन किती वजन पेलते त्याचं माप. ५० एलबी म्हणजे २२.७ किलो. हा आकडा लक्षात ठेवा.

तर आमच्या ग्रुपवर मेसेज आला, ओरिजिनल जपानी, आठ पदरी, ५० एलबी, जाडी ०.२६ मिलिमीटर, ३०० मीटर, १४०० रुपये. बॉक्स गोदामात दबले म्हणून स्वस्तात देतो, स्पूल (लाईन गुंडाळलेली चकरी) आतून कंपनीचंच आहे, असं. सोबत व्हिडिओ, त्यात वजनकाट्याला लाईन बांधून २३ किलोपर्यंत ओढून दाखवली. त्या व्हिडिओतली लाईन खरी असेलही, पण ती आपल्याला येणाऱ्या स्पूलवरचीच आहे हे कशावरून? वर त्यानं ग्रुपमधल्या एकाला दोन वाव लाईन सॅम्पल म्हणून फुकट पाठवली होती. ती खरंच चांगली निघाली, त्यानंच ग्रुपवर सांगितलं की भाऊ माल एक नंबर आहे, मग काय, पैसे आधी यूपीआयनं, आठवड्यात पार्सल घरी. क्यूआरवरचं नाव वेगळं आणि बोलणारा वेगळा. सॅम्पल अस्सल आणि माल नकली, सगळी मेख यातच आहे, त्यामुळे सॅम्पलवर अजिबात जाऊ नका, आणि ज्याला सॅम्पल मिळालं त्या पोरावरही कुणी राग धरू नका, त्यानं जे बघितलं तेच सांगितलं.

त्याच्याकडून आलेली लाईन लावून गेलो, जिंतूरकडच्या एका तलावावर मोठी मरळ लागली. दोन-अडीच किलोची तरी असेल, पाठ दिसली होती पाण्यावर. ड्रॅग (मासा ओढला की लाईन सोडणारा रीलचा ब्रेक) सैलच होता, लाईन सुटायली होती, आणि एकदम रॉड हलका झाला. तुटली ती गाठीत नाही, रॉडच्या टोकापाशी तुटली. म्हणजे तोंडात दोन काट्यांचा बेडूक आणि मागं दहा-बारा हात लाईन घेऊन ती मरळ त्या बेशरमीत गेली. कुठंतरी गुंतून मरणार ती, नुसती नाही सुटली. मला पैशापेक्षा याचा राग आहे. आपण पिल्लांचा लाल घोळका दिसला की त्याच्याजवळ बेडूक टाकत नाही, कारण नर-मादी पिल्लांना राखत असतात, एवढं जपतो, आणि हे लोक चार पैशांसाठी असला कचरा आपल्या हातात देतात.

त्या विकणाऱ्याला फोन केला तर पहिलाच प्रश्न, "सर, नॉट (गाठ) कोणती मारली?" पालोमार, म्हटलं. "मग ओली न करता आवळली असेल." ओली करूनच आवळली होती. "मग ड्रॅग टाईट असेल, नाहीतर रॉडच्या रिंगला चीर असेल सर, आमच्या लाईनला कंप्लेंट नाही." बाकीच्या पोरांनाही शब्दाला शब्द हेच उत्तर. आणि बघा, यात त्याची सोय कशी आहे, लाईन तुटली की गाठ माशासोबत जाते, मग गाठ चांगली होती हे दाखवणार कशावरून. म्हणून लाईन घरीच तपासायची, गाठीवर ताण न देता, रीलवर चढवायच्या आधी.

आम्ही केलं ते सांगतो. टाकीच्या जाड पीव्हीसी पाइपाला लाईनचे सात-आठ वेढे मारले आणि मग टोक अडकवलं, वेढ्यांवरच ताण येतो त्यामुळे टोकाच्या गाठीला काही लागत नाही. खालच्या टोकाला लाटणं, त्यालाही तसेच वेढे, आणि लाटण्याच्या दोन्ही बाजूंनी दोरी बांधून बादली लटकवली, जमिनीपासून वीतभर वर, म्हणजे पडली तरी फुटत नाही. बादली आधी काट्यावर तोलून घेतली. मग जारमधून लिटरच्या मापानं पाणी ओतत गेलो, एक लिटर म्हणजे एक किलो. २२ किलोची लाईन बादलीसकट अकरा किलोच्या आतच तुटली, आणि तुटली ती मधोमध, वेढ्यांपासून लांब. मग शेजारच्या मामांची जुनी चार पदरी ३० एलबीची लाईन, म्हणजे १३.६ किलोची, तशीच लटकवली तर तिनं पंधरा लिटर पेललं. वापरलेली लाईन होती ती. सगळ्याचा व्हिडिओ केलाय. बोटाला गुंडाळून ओढून बघायचं मात्र करू नका, ब्रेडेड लाईन बोट कापते, लहान पोरांना तर जवळ येऊ देऊ नका.

दुसरं तपासणं अजून सोपं आहे. पीई पाण्यापेक्षा हलकं असतं, घनता साधारण ०.९७, नायलॉन आणि पॉलिएस्टर पाण्यापेक्षा जड. लाईनचे बारीक तुकडे कापा, साबणाच्या पाण्यात बोटानं चोळून आतली हवा काढा, साबण नसला तर बुडणारा तुकडाही वर तरंगत बसतो. पाकिटावर मुद्दाम सिंकिंग (बुडणारी) लिहिलेलं नसताना तुकडे तळाला गेले तर ती पीई नाही. आमचे सगळे तळाला. तरंगले म्हणजे अस्सलच असं मात्र समजू नका, दुसरे स्वस्त धागेही तरंगतात.

जाडी बघायला महागडं यंत्र लागत नाही. पेनच्या रिफिलवर लाईन एकाला एक चिकटवून गुंडाळा, एक सेंटिमीटरमध्ये किती वेढे बसतात ते मोजा. ०.२६ ची असती तर ३८ बसले असते, आमचे २४ बसले, म्हणजे ०.४ च्या वर जाडी. जाड लाईन लांब जात नाही आणि स्पूलवर कमी मावते. टोक टाचणीनं उसवलं तर पदर चारच, आठ नव्हतेच. वरून मेण फासलेलं असल्यामुळे हाताला गुळगुळीत लागत होती एवढंच. तसं चार पदरी वाईट नसते, उलट थोडी खरखरीत असल्यामुळे गवत कापायला काही जण तीच घेतात, पण आठचे पैसे घेऊन चार द्यायची म्हणजे चोरीच. लांबीही दोन खांबांमध्ये मोजली, ३०० च्या जागी २१० मीटर भरली.

एका गोष्टीवरून मात्र भांडू नका, रंग गेला म्हणून. पीईला रंग पक्का धरतच नाही, तो वरचेवर बसलेला असतो, चांगल्या कंपनीच्या लाईनचाही जातो. रंगावरून तक्रार केली की असला माणूस तेवढंच धरून बसतो आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो.

पाकिटावर काय असतं ते पण बघत चला. बाहेरून आणलेल्या पॅकबंद मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कोणत्या देशातला माल, एमआरपी, लांबी, महिना-वर्ष आणि तक्रारीचा नंबर हे कायद्यानं छापावं लागतं. आमच्या पार्सलमध्ये प्लास्टिकचं स्पूल आणि एक स्टिकर, बाकी कोरं. आमच्यातल्या एकानं हीच लाईन वेगळ्या नावानं शॉपिंग ॲपवरून घेतली होती, त्यानं पार्सल फोडतानाचा आणि बादलीचा व्हिडिओ एकाला एक जोडून तक्रार टाकली, पैसे परत आले. ॲपवाल्यांना तक्रार ४८ तासांत नोंदवून घेणं आणि महिन्याभरात निकाली काढणं बंधनकारक आहे, ते लिहून मागा. आमचे पैसे थेट यूपीआयनं गेले होते, त्या माणसानं व्हिडिओ बघितला आणि नंबर ब्लॉक केला. मग ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. पैसे घेऊन माल पाठवलाच नाही असं कुणाचं झालं असेल तर उशीर न करता १९३० ला फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, तिकडेही आम्ही मिळून अर्ज करायलोय.

त्यासाठीच, ज्यांनी ज्यांनी त्याच्याकडून घेतलीय त्यांनी यूपीआयचा स्क्रीनशॉट, चॅट आणि पार्सलवरचं पाठवणाऱ्याचं लेबल जपून ठेवा, लेबल फेकू नका, पत्ता त्याच्यावरच असतो. उरलेली लाईन रीलवरून काढा पण टाकून देऊ नका, स्पूलसकट पिशवीत ठेवा, आयोगात तीच दाखवायची आहे. सेलू, मानवत, वसमतकडच्या कुणाला आपली लाईन तपासून बघायची असली तर दोन-तीन वाव कापून घेऊन या, बादली आणि लाटणं माझ्याकडं आहे, तुमच्यासमोर लटकवून बघू.